ढोल, घागर, माणूस, शीळ, काच

शेजवळ मला त्यांच्या गाडीत घेतात, पण माझं जॅकेट घेत नाहीत.

बाहेर दोन डिग्री असो, हॉलंडातल्या पोल्डरवरचा, म्हणजे समुद्र हटवून काढलेल्या सपाट जमिनीवरचा वारा कानशिलं सोलून काढत असो, दार उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं. "ताई, जॅकेट डिकीत." पहिल्या दिवशी मला वाटलं, सीट खराब होऊ नये म्हणून असेल. मी पुण्याची, त्यामुळे असल्या नियमांचा मला राग येत नाही, उलट माहेरी आल्यासारखं वाटतं. पण कारण भलतंच निघालं. पिसांचं जॅकेट म्हणे आवाज खातं. गाण्यातला वरचा, बारीक, चमकदार भाग त्यात जिरून जातो आणि उरलेलं गाणं गोधडीतून आल्यासारखं ऐकू येतं. हे त्यांनी मला इतक्या गंभीरपणे समजावलं की वाद घालायची सोयच राहिली नाही. मी स्वेटरवर कुडकुडत ऑफिसला गेले. त्याला आता चार वर्षं झाली. दर मंगळवारी आणि गुरुवारी मी अजून कुडकुडतेय.

विलास शेजवळ आमच्याच रांगेत, तीन घरं सोडून राहतात. नीउ-व्हेनेप गावातली ही घरं इतकी सारखी की आम्ही नवीन आलो तेव्हा माझा नवरा मंगेश दोनदा त्यांच्या दाराला किल्ली लावत बसला होता. ओळख झाली ती तशीच. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं बारीक, बोलणं त्याहून बारीक. माझ्याच कंपनीत यंत्रांची थरथर मोजायचं काम करतात. माणसांच्या गर्दीत ते भिंतीला टेकून उभे राहतात आणि हळूच टकटक करून भिंत पोकळ आहे का बघतात. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल ते बोलत नाहीत आणि मीही विचारलेलं नाही, जे माझ्या स्वभावाला धरून नाही हे मंगेश तुम्हाला आनंदानं सांगेल.

त्यांची गाडी अठरा वर्षांची. दरवर्षीच्या तपासणीला जाताना ती आजारी माणसासारखी जाते आणि कशीबशी पास होऊन येते. तिच्यातला रेडिओ तिच्याइतकाच म्हातारा. त्याला फोन जोडता येत नाही, फक्त एक भोक आहे, त्यात वायर खुपसायची. त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला शेजवळांचा जीव. म्हणजे एक छोटा म्युझिक प्लेअर, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, कडेचा रंग उडालेला. आमच्या पिढीनं नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून घेतलेला असायचा तसला. आता ती कंपनीही तसले बनवत नाही. त्यात पाच पट्ट्यांचा इक्वलायझर आहे, आणि या गाडीचा आवाज जो काही आहे तो त्या पाच पट्ट्यांमुळे आहे, यावर शेजवळांची श्रद्धा आहे.

पट्ट्यांखाली आकडे असतात. शेजवळ आकडे वापरत नाहीत. त्यांनी नावं ठेवली आहेत: ढोल, घागर, माणूस, शीळ आणि काच. अगदी डावीकडचा ढोल, म्हणजे छातीत वाजतं ते. घागर म्हणजे पोकळ घुमणारा आवाज, जो यांच्या मते सगळ्या मोटारींचा शाप आहे. मधला माणूस, त्यात गाणाऱ्याचा गळा असतो. शीळ म्हणजे ज्याच्यामुळे शब्द कळतात, आणि काच म्हणजे टाळ, पैंजण, श्वास. "घागर दोन उतरवा," असं ते सिग्नलला थांबल्यावर मला सांगायचे आणि मी मुकाट्यानं उतरवायचे. चार वर्षांत मी डच शिकले नाही, पण ही भाषा शिकले.

त्यांचे नियम साधे होते आणि कुणीही न विचारता ते सांगत. गाडीच्या रेडिओचे बास-ट्रेबल आधी शून्यावर आणायचे, नाहीतर दोन स्वयंपाकी एकाच आमटीत मीठ टाकतात. प्लेअरचा आवाज पूर्ण कधी चढवायचा नाही, पाऊण ठेवायचा, बाकीचा रेडिओवर वाढवायचा. पूर्ण चढवला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, जो ते दिवसातून चारदा म्हणत: "वाढवायचं नाही, काढायचं." शब्द कळत नाहीत? शीळ वाढवू नका, घागर काढा. मजा येत नाही? ढोल वाढवू नका, माणसाच्या आजूबाजूचं काढा. जे नको ते काढलं की हवं ते आपोआप वर येतं, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकून मी एका रविवारी माळ्यावरची तीन खोकी टाकून दिली. मंगेश अजून त्यातली एक वायर शोधतोय.

हॉलंडातले रस्ते लोक नकाशावरून ओळखतात, शेजवळ टायरच्या आवाजावरून ओळखतात. इथं हायवेला बऱ्याच ठिकाणी सच्छिद्र डांबर आहे, त्यावर गाडी शांत पळते. पण मध्येच जुना तुकडा येतो आणि खालून घरघर सुरू होते. ही घरघर ढोलाला गिळते. त्यामुळे त्यांच्याकडे कोरड्या रस्त्याची एक रचना, ओल्या रस्त्याची दुसरी. पाऊस येणार का हे मी ॲपवर बघत नाही, शेजवळ कुठली रचना लावून आलेत ते बघते.

मंगेशनं मागच्या वर्षी इलेक्ट्रिक गाडी घेतली. बारा स्पीकर, मोठा पडदा, सगळं आपोआप. मोठ्या हौसेनं त्यानं शेजवळांना बसवलं. त्यांनी जॅकेट स्वतःहून डिकीत ठेवलं, डोळे मिटून एक गाणं पूर्ण ऐकलं, खाली उतरले, आणि म्हणाले, "छान आहे. बारा तोंडं आहेत. पण बोलतंय कोण ते कळत नाही." मंगेशचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पुढे दोन आठवडे तो गुपचूप गाडीत बसून सेटिंगं बदलत होता.

हे वेड आलं कुठून, ते मला एका ट्रॅफिक जॅममध्ये कळलं. त्यांच्या वडिलांची फलटणला साउंड सर्व्हिस होती. लग्नं, बारशी, नेत्यांच्या सभा आणि चौदा एप्रिलची जयंती. सायकलवर बांधलेले कर्णे, एक ॲम्प्लिफायर, दोन माईक, आणि बॅटरी उचलायला विलास. वडील स्टेजसमोर उभे राहायचेच नाहीत, लांब, मैदानाच्या शेवटी, बायका पोरं घेऊन बसायच्या तिथं जाऊन उभे राहायचे आणि तिथून हातानं खुणा करायचे. पुढच्यांना सगळं ऐकू येतंच, शेवटच्या बाईला भाषण समजलं तर आपलं काम झालं, असं ते म्हणायचे. आणि माईक टेस्ट करायची आई. तिचा आवाज खणखणीत, म्हणून वडील तिलाच बोलायला लावत. ती नुसतं हॅलो हॅलो न म्हणता आज घरी काय भाजी केली, कुठली म्हैस आटली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, असलं काय काय बोलायची आणि अर्धं फलटण ऐकायचं.

ते ऐकताना मला आमच्या चिंचवडच्या घरातला डेक आठवला. त्याच्यावर लाल-हिरव्या दिव्यांच्या काड्या गाण्याबरोबर नाचायच्या आणि आम्ही भावंडं दिवे मालवून नुसते ते बघत बसायचो. कुठली काडी कशासाठी, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी शेजारी बसलेल्या माणसाला ते दहाव्या वर्षी माहीत होतं, याचा मला खरंच हेवा वाटला. काय दिवस होते ते, आवाज यायला घरात जागा लागायची, आता खिशातून येतो आणि खिशातच राहतो. हे मी मोठ्यानं म्हणाले तर शेजवळ म्हणाले, घागर वाढलीय तुमची.

मग गाड्या जरा सरकल्या, पुन्हा थांबल्या, आणि समोर बघत त्यांनी सांगितलं की वडील गेले तेव्हा ते जाऊ शकले नाहीत. त्या वर्षी विमानं बंद होती. चुलतभावानं, राजूनं, फोन धरला होता, त्यावर बघितलं. नंतर काच एक उतरवली, जी उतरवायची काही गरज नव्हती.

या वर्षी मार्चमध्ये त्यांची आई आली. तीन महिन्यांचा व्हिसा. ऐंशी पार केलेली बाई, नऊवारीवर माझ्या जुन्या पिसांच्या जॅकेटातली. मी त्यांना मावशी म्हणू लागले. खणखणीत आवाज तसाच होता, पण कान गेले होते. वीस वर्षं कर्ण्याशेजारी बसून काढल्यावर दुसरं काय होणार. पुण्याहून आणलेलं कानातलं यंत्र डबीत पडलेलं. ते लावलं की कानात पाखरू फडफडतं, असं त्या म्हणायच्या. शेजवळांनी चांगले हेडफोन आणून दिले, तर कानाला झाकण लावल्यावर काय ऐकू येणार, म्हणून काढून ठेवले.

राहिला एकच उपाय, ओरडणं. जो माणूस ऑफिसात फोनवर बोलला तर समोरचा हॅलो हॅलो करतो, तो माणूस स्वतःच्या घरात बोंबलायला लागला. एका संध्याकाळी भिंतीपलीकडच्या डच बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, सगळं ठीक आहे ना, कुणाला मदत हवी आहे का, विचारायला. शेजवळ आईला विचारत होते, चहात साखर घालू का. बाईंना वाटलं माय-लेकराचं जुंपलंय. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, त्या बाईचं सोडा. आईलाही तसंच वाटतं. मी बोललो की ती म्हणते, रागावलास होय? मी रागावलेलो नसतो हो. पण ओरडणाऱ्या माणसाचं तोंड रागावलेलंच दिसतं."

दुसऱ्या मंगळवारी गाडीत बसले तर यांनी माझ्या हातात स्पंजाचे दोन बोळे ठेवले. कानात घाला म्हणाले. का, तर मी टेस्टर. सॉफ्टवेअर तपासते म्हणजे मी काहीही तपासू शकते, असा त्यांचा समज. घातले बोळे. सगळं जग उशीखाली गेलं. मग त्यांनी प्लेअर चालू केला आणि स्पीकरमधून चक्क शेजवळच बोलायला लागले. खरे शेजवळ गाडी चालवत गप्प, आणि दारातून, डॅशबोर्डातून दुसरे शेजवळ सांगतायत की आज कॅन्टीनमध्ये मटारचं सूप होतं आणि ते गार होतं.

त्या जुन्या प्लेअरमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय होती. शेजवळ रोज जेवणाच्या सुट्टीत एका मीटिंग रूममध्ये जाऊन हळू आवाजात दिवसभराचं बोलून ठेवायचे, आणि मग पट्ट्या अशा लावायचे की शेवटच्या बाईला समजेल. ढोल पूर्ण काढला. घागर काढली. माणूस तसाच. आणि शीळ, माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना, शीळ वाढवली. मी म्हणाले, वाढवायचं नाही ना? ते म्हणाले, तिच्या कानातून गेलेलं मी कुठून काढू. दोन आठवडे, दर मंगळवारी-गुरुवारी, मी बोळे घालून शब्द ओळखत होते. साखर ऐकू आलं, भाकर ऐकू आलं. 'सासू' आणि 'हसू' यात मी दोनदा चुकले, तेव्हा त्यांनी शीळ आणखी एक चढवली.

घरी मोठे स्पीकर लावून का नाही करत, असं मी विचारलं. घरात आवाज भिंतींवर आपटतो, गाडी लहान, गुबगुबीत, आणि स्पीकर दोन्ही कानांच्या जवळ. पंचवीस वर्षं मोटारीचा आवाज सुधारून जे शिकलो ते इथं कामाला येतंय, म्हणाले.

आणि आलं की हो कामाला. सगळे लोक आईवडलांना ट्यूलिप दाखवायला नेतात. शेजवळांनी मावशींना शेतांच्या कडेला नेलं, गाडी उभी केली, काचा बंद केल्या आणि प्लेअर लावला. मी मागच्या सीटवर होते, पहिला प्रयोग म्हणून. स्पीकरमधला मुलगा हळू आवाजात म्हणाला, आई, आज मी मेथी केली होती, तुझ्यासारखी नाही झाली. मावशींनी झटकन वळून रेडिओकडे बघितलं. मग रेडिओलाच म्हणाल्या, "लसूण जाळला असशील." शेजवळांनी रेकॉर्डिंग थांबवलं, मान हलवली, पुढचं लावलं. मावशींनी पुन्हा रेडिओला उत्तर दिलं. असं पाऊण तास चाललं. शेजारी हाडामासाचा मुलगा गप्प बसलेला, आणि आई रेडिओशी गप्पा मारतेय. बाहेर सायकलवरून जाणारं एक म्हातारं जोडपं आमच्याकडे बघत बघत खड्ड्यात जाता जाता वाचलं. मावशींना त्यांनी शाल काढायला सांगितलं नव्हतं, हे मी लक्षात ठेवलं. शालीपुरती काच त्यांनी वाढवून घेतली होती.

मग तो दोघांचा नेमच झाला. रोज ऑफिसातून आल्यावर तासभर गाडीत. कधी कालव्याच्या कडेला, कधी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये. मावशींचा चेहरा खुलला. मला म्हणाल्या, घरात असतो तो विलास रागीट आहे, पण गाडीतला फार गोड आहे. मी हे शेजवळांना सांगितलं नाही.

मेच्या मध्यावर त्यांची परत जायची तारीख जवळ आली तसे शेजवळ पुन्हा गप्प होत गेले. एका गुरुवारी आम्ही ऑफिसच्या दारात पोहोचलो तरी ते गाडीतून उतरेनात. म्हणाले, एक गोष्ट आईला सांगायची राहिलीय, बाबांची. चार वेळा रेकॉर्ड केली, चार वेळा पुसली. मी माझ्या नेहमीच्या आगाऊपणानं म्हणाले, मग सरळ सांगून टाका ना, त्यात काय रेकॉर्ड करायचं.

"ताई," ते म्हणाले, "माफी ओरडून कशी मागायची?"

मी डिकीतून जॅकेट घेतलं आणि गेले. पण दिवसभर डोक्यात तेच. शनिवारी मावशींचं विमान, पुन्हा हा प्रवास त्यांच्याच्यानं होणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं, आणि हा मनुष्य एक वाक्य पाच पट्ट्यांवर तोलत बसला होता.

शुक्रवारी संध्याकाळी विमानात खायच्या दशम्यांसाठी मावशींना गूळ आणि तीळ हवे होते. आम्ही तिघं सुपरमार्केटला गेलो. थंडी होती, म्हणून शेजवळांनी मावशींना पुढच्या सीटवर बसवून ठेवलं, मला चालकाच्या सीटवर बसवलं, किल्ली लावून ठेवली आणि आत गेले. मावशी म्हणाल्या, काहीतरी लाव बाई. मला वाटलं, एखादं गाणं लावावं. प्लेअर हातात घेतला. चार वर्षं घागर उतरवतेय, मला सगळं येतं, असं समजून मी बटण दाबलं. त्या प्लेअरला खोड आहे, तो शेवटचं जे होतं तिथूनच सुरू होतो. हे मला माहीत होतं. टेस्टर म्हणवून घेणाऱ्या बाईला हे आठवलं नाही.

स्पीकरमधून शेजवळांचा आवाज आला. हळू, स्वच्छ. "आई, मी विलास. विमानं बंद होती असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरं आहे."

मी बंद करायला बोट पुढे नेलं आणि मावशींनी माझं मनगट धरलं. त्या वयात एवढी ताकद कुठून येते कोण जाणे.

"पण त्याच्या आधी दोन महिने बाबा म्हणत होते, ये. तेव्हा विमानं चालू होती. मी म्हटलं, उन्हाळ्यात येतो, आत्ता ऑफिसात काम आहे. काम काही फार नव्हतं. मला वाटलं, ते आहेतच. एवढंच सांगायचं होतं. मी तुला हे कधी सांगितलं नाही."

मग नुसती खरखर, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज. मावशींनी माझं मनगट सोडलं नव्हतं. म्हणाल्या, परत लाव. मी परत लावलं. दुसऱ्यांदा संपलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, समोर ट्रॉल्या एकात एक घुसवलेल्या होत्या त्या मोजत बसले. मला रडू येत होतं आणि स्वतःचा भयंकर संतापही येत होता. चारदा पुसून पाचव्यांदा बोललेलं, अजून ऐकवायचं धाडस न झालेलं ते वाक्य त्या माणसाचं होतं. ते कधी वाजवायचं हेही त्याचंच होतं. ते मी माझ्या आगाऊ बोटानं वाजवून टाकलं.

शेजवळ पिशवी घेऊन आले. मी उतरून मागं बसले. ते चालकाच्या सीटवर बसले, प्लेअरच्या पडद्याकडे बघितलं, आणि त्यांना समजलं. माझ्याकडे वळले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मी काहीतरी पुटपुटले, माझ्याकडून चुकून, असं काहीसं. ते कुणालाच ऐकू गेलं नसावं.

मग मावशी बोलल्या. रेडिओशी नाही. मुलाकडे वळून, त्या खणखणीत आवाजात, जो पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला गेला असेल.

"राजूनं फोन धरला होता त्या दिवशी. मला ऐकू काहीच येत नव्हतं. सगळे ह्यांच्याकडं बघत होते. मी तुझ्याकडंच बघत होते, विलास. तू एकटाच बसला होतास त्या पांढऱ्या भिंतीपुढं. तोंडसुद्धा धुतलेलं नव्हतंस. मी म्हटलं, ह्याला आज तिथं कुणी चहा तरी करून दिला असेल का."

शेजवळांनी मान खाली घातली. खांदे हलायला लागले. आवाज नव्हता.

मला तिथं थांबायचा काही अधिकार नव्हता. सुट्ट्या ट्रॉलीचं निमित्त करून मी उतरले, आणि ती ट्रॉली माझी नव्हती, कुणाचीच नव्हती, तरी ती ढकलत रांगेपर्यंत नेली. परत यायला मी जितका लावता येईल तितका वेळ लावला.

परतताना पुढच्या काचेतून दोघं दिसले. गाडी बंद होती, रेडिओचा दिवा मालवलेला होता. शेजवळ काहीतरी सांगत होते, बराच वेळ सांगत होते. त्यांच्या मानेची शीर फुगलेली नव्हती, म्हणजे ते ओरडत नव्हते, नेहमीच्या बारीक आवाजात बोलत होते. मावशींनी मुलाची हनुवटी दोन बोटांनी धरून तोंड आपल्याकडे वळवून घेतलं होतं, लहान पोराचं धरतात तसं, आणि त्या त्यांच्या ओठांकडे बघत मधूनमधून मान हलवत होत्या.